स्तुती द्यायला कोण येतं?

रिन्सी पहिल्यांदा आली तेव्हा तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला चांगलीच धाप लागली होती. दारातच ओढणीने कपाळ पुसत तिने विचारलं, "चेची, नवीन घर कसं वाटतंय?"

"आधी पाणी पी. घर कुठे पळून चाललंय?" मी म्हटलं. इथे ताईला चेची म्हणतात.

आमची जुनी वस्ती समुद्राने गिळली आणि सरकारने आत, रस्त्याच्या पलीकडे, या इमारती बांधून दिल्या. लग्न होऊन वसईहून मी केरळात, आलप्पुझाच्या या किनाऱ्यावर आले त्याला इतकी वर्षं झालीत, की भांडणसुद्धा मला आता मल्याळममध्येच सुचतं. घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू? भरती आली की भांडी तरंगत नाहीत. पण माझी सासू, बर्णदीत्ता अम्मच्ची, इथे आल्यापासून भिंतीकडे तोंड करून बसायची. पेजेचे दोन घोट घ्यायची आणि वाटी सरकवायची. डॉक्टर म्हणाले, आजार काहीच नाही. ते ऐकून तर मी जास्तच घाबरले. आजार नसताना माणूस असं विझत चाललं, तर औषध तरी कुठलं आणायचं?

रिन्सी फादरांच्या कॉलेजात संशोधन करत होती. हलवलेल्या कोळ्यांचं आयुष्य सुधारलं का, हा तिचा विषय. दुसरी इमारत अशीच बांधायची का, हे तिचा अहवाल बघून ठरणार होतं. हातातल्या टॅबवरचे प्रश्न ती भराभर विचारत गेली. नळ आहे? आहे. संडास घरात? घरात. छप्पर गळतं? नाही. प्रत्येक उत्तराला एक हिरवी खूण.

"अम्मच्चींचं काम काय लिहू?"

माझा नवरा जूड जाळं सांधत बसला होता. म्हणाला, "शिव्या देणं लिही. त्याचा पगार असता तर आपला बंगला झाला असता."

पूर्वीची अम्मच्ची असती तर जूडच्या पाठीत चप्पल बसली असती. ती वळलीसुद्धा नाही. रिन्सीने टॅबवर नोंदवलं: आश्रित.

तेवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. "बाकीचं प्रार्थनेनंतर," मी म्हटलं. रिन्सी डोंगराकडची असली तरी आमच्यातलीच. टॅब बाजूला ठेवून तीही गुडघ्यांवर बसली.

जपमाळ संपली की आमच्याकडे धाकट्यांनी मोठ्यांपुढे हात जोडून 'येशूची स्तुती असो' म्हणायचं, आणि मोठ्यांनी ते हात आपल्या हातांत घेऊन 'सदैव असो' म्हणायचं. याला स्तुती देणं म्हणतात. जुन्या वस्तीत अम्मच्ची सगळ्यांत मोठी. घरोघरची प्रार्थना आटोपली की पोरं वाळूच्या पायांनी तिच्या ओट्यावर धावत यायची. ती हात धरायची तशी सोडायची नाही. कुणाचा ताप उतरला, कुणी कुणाला मारलं, सगळी चौकशी करून, एखाद्याचा कान पिळूनच सोडायची. इथे दिवेलागणीला जिन्याचं फाटक बंद. पोरं आपापल्या मजल्यावर.

जूडने आणि मी स्तुती दिली. तरी अम्मच्चीचे हात दाराच्या दिशेने पुढेच राहिले. रोज तसेच राहायचे.

रिन्सीने ते पाहिलं. गुडघ्यांवरच सरकत ती पुढे गेली आणि तिने हात जोडले. अम्मच्चीने ते घट्ट धरले.

"सदैव असो. कोणाची गं तू? आणि एवढी वाळलेली का? घरी जेवायला घालत नाहीत की तूच नखरे करतेस?"

इतके शब्द तिच्या तोंडून एका दमात कित्येक दिवसांत आले नव्हते.

जाताना रिन्सी जिन्यात थांबली. "चेची, माझ्या सगळ्या खुणा हिरव्या आहेत."

"मग बरंच आहे की."

"पण अम्मच्चींचं काय हरवलंय, ते माझ्या एकाही प्रश्नात नाही."

पुढच्या आठवड्यात ती तिच्या मार्गदर्शकांना, इन्नासी अच्चनना, घेऊन आली. अच्चन म्हणजे फादर; हे म्हातारे, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. जिन्यातच बसले. मी काळा चहा दिला.

"अच्चन, आता प्रश्न बदलले तर अहवालाला उशीर होणार," रिन्सी रडकुंडीला आली होती. "आणि परीक्षक म्हणतील, पोरीने प्रयोगशाळेत जपमाळ आणली."

"मग जपमाळ नको आणूस. सबंध माणसाचा विकास, प्रत्येक माणसाचा विकास, असं आपण दर वार्षिकोत्सवाला माइकवर ओरडतो. आणि सोमवारी त्याच माणसाचे तुकडे करतो. नळ वेगळा, संडास वेगळा, म्हातारी आश्रित." त्यांनी चहाचा घोट घेतला. "माणूस नुसता घेणारा नसतो, देणाराही असतो, एवढं आपली श्रद्धा सांगते. ते खरं धरून प्रश्न विचार. उत्तर मात्र आधी ठरवू नकोस. ते या जिन्यावर मिळेल. आणि प्रश्न असा कर, की समोरच्या सरोजिनीलाही स्वतःचा वाटला पाहिजे. तिच्या घरी कुठे जपमाळ आहे?"

मग प्रश्न करायला सगळे जिन्यातच बसले. सरोजिनी म्हणाली, "तुमच्याकडून कोण काय घेऊन जातं, असं विचार." तळमजल्यावरचा लियोन्स लगेच म्हणाला, "माझ्याकडून? माझी बिडी!" हसणं थांबायला वेळ लागला, पण प्रश्न तोच ठरला.

रिन्सी पुन्हा दारोदार फिरली. अहवाल कुणालाही पाठवायच्या आधी तिने तो चर्चच्या अंगणात आम्हालाच वाचून दाखवला. आमच्याबद्दलचं आम्हीच आधी ऐकायचं, हाही अच्चनचाच आग्रह. नळ-संडासाच्या खुणा हिरव्याच होत्या, त्या तिने पुसल्या नव्हत्या. पण तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांकडून कुणी गोष्ट नेत होतं, कुणी जाळ्याची गाठ शिकून जात होतं. वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्यांचं उत्तर एकच: कोणी येत नाही.

तेवढ्यात लियोन्स खाकरला.

"अम्मच्चीला माझं घर द्या. मी वर जातो. माझे गुडघे धड आहेत, आणि दारातली ही पोरांची कटकट तरी सुटेल."

"कटकट म्हणे!" सरोजिनी म्हणाली. "रोज शेंगदाणे कोण वाटतं रे त्यांना?"

लियोन्सने तोंड फिरवलं.

घरं बदलायला खेटे घालावे लागले, पण बदलली. जिन्याचं फाटकही आता स्तुती होईपर्यंत उघडं ठेवतात. रिन्सीच्या अहवालाला उशीर झाला, तिने बोलणीही खाल्ली. दुसरी इमारत कशी होईल ते आम्हाला अजून ठाऊक नाही. 'जिन्याला फाटक नको, मजल्यामजल्याला सामायिक ओटा हवा' असं तिने लिहिलंय म्हणे.

काल ती आली तेव्हा घंटा होऊन गेली होती. पोरांची रांग दारातून पार रस्त्यापर्यंत. रिन्सी मुकाट्याने रांगेत शेवटी उभी राहिली. नंबर आल्यावर अम्मच्चीने तिचे हात धरले आणि मला हाक मारली, "हिला वाढ आधी! आणि मलाही घाल अजून एक पळी. पेजेत मीठ कमी आहे, रोजच असतं."

मीठ बरोबर होतं. पण मी भांडले नाही. मनातल्या मनात 'सदैव असो' म्हटलं आणि पळी भरून वाढली.