चौथा ट्रॅक

"गुणगुणू नकोस," मर्व म्हणाला आणि त्याने टेप थांबवली.

"मी कुठे गुणगुणले?"

"ओठ मिटलेले होते, पण गळा चालू होता. माइक सगळं उचलतो, नोएलीन. गिटारच्या ट्रॅकवर फक्त गिटार हवी."

"मग मला इथे बसवलंस कशाला? जाते मी ग्लेनिसच्या मदतीला."

"ताल धरायला बसवलंय. पायाने धर, तोंडाने नको."

नोएलीनने पायातली सपात काढून ठेवली, म्हणजे तिचाही आवाज नको, आणि मोज्यातला पाय हलवत बसली. मर्वने पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यापर्यंत ती गप्प राहिली असावी. पुढचं त्याला कळलं नाही, कारण कानाला हेडफोन होते आणि डोळे बोटांवर होते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते यंत्र ठेवलेलं होतं, पाव भाजायच्या ट्रेएवढं. डनेडिन शहरातल्या कुठल्याशा बँडची पोरं फुटली तेव्हा त्यांनी विकायला काढलेलं. साधी कॅसेट एका वेळी एका बाजूने वाजते; हे यंत्र दोन्ही बाजू एकदमच वापरायचं आणि टेपच्या चिंचोळ्या रुंदीत चार ट्रॅक शेजारी शेजारी बसवायचं. पहिल्यावर गिटार, दुसऱ्यावर अकॉर्डियन, तिसऱ्यावर मर्वचा साथीचा आवाज आणि चौथ्यावर नोएलीन. चार म्हणजे चारच. पाचव्याला जागा नाही.

मर्व गिलीस लोकरीच्या गिरणीत माग जुळवणारा होता. चाळीस माग एकदम धडधडत असले तरी त्यातला कुठला लंगडतोय ते तो दारातून सांगायचा. असा कान देवाने कारागिराला जरूर द्यावा, पण नवऱ्याला देऊ नये. अंड्याचं पाणी उकळण्याच्या आवाजावरून बायकोच्या चुका काढणारा माणूस होता तो. 'एकदाच अजून' हे त्याचं पालुपद. कुंपणाचा रंग असो की ख्रिसमसचा केक, एकदाच अजून.

नोएलीन त्याच गिरणीत तीस वर्षं मागावर उभी होती. त्या गदारोळात आवाजाचा उपयोग नसतो. तिथल्या बायका ओठांनी बोलतात. तोंड मोठं करून, शब्द चावून. मर्वने तिला लग्नाचं विचारलं तेही असंच, सहा मागांच्या पलीकडून, आणि सगळ्या शेडने ते वाचलं. भांडण संपवायचं असेल तर तिथे एकच उपाय होता, पाठ फिरवायची. पाठीला ऐकू येत नाही. मर्व त्यात पटाईत होता.

मंगळवारी नोएलीनचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ स्वरयंत्रासकट काढायची, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवायचं. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली होती, "बोलण्याचं काही नाही रे, आपण ओठांवर भागवू. गाणं तेवढं कुठेतरी ठेवून दे."

गाणं कुठलं, हे विचारायची गरज नव्हती. गिरणीच्या हॉलमध्ये शनिवारी नाच असायचा तेव्हा ती दोघं बँडमध्ये होती, आणि शेवटच्या वॉल्ट्झला हेच गाणं व्हायचं. रेडिओवर गाजलेलं, दुसऱ्याच कुणाचं. स्टेशनावर निरोप घेताना एक पोरगी म्हणते, एक हातमोजा तुझ्याकडे, एक माझ्याकडे. बाकी गाण्यात काही नाही. पण त्या 'माझ्याकडे'वर सूर उंच चढतो, आणि नोएलीन तिथे पोचली की नाचणारे पाय जरा सावकाश पडायचे.

आज रविवार. आता तिचा आवाज दिवसातून तासभरच धड असायचा. तेवढ्यात काम उरकायचं होतं.

मर्वने फ्रिजची पिन काढली, त्याची घरघर नको म्हणून. घड्याळ न्हाणीघरात नेऊन टॉवेलात गुंडाळलं. शेजारचा लाकडं फोडत होता, त्याला थांबवायला नोएलीनची थोरली बहीण ग्लेनिस चीज रोलची थाळी घेऊन गेली आणि कामगिरी फत्ते करून परत आली.

"त्याला सांगितलं, आमच्याकडे चर्चमधले आलेत," ती म्हणाली. "आता तो संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडत नाही."

नोएलीन हसली आणि हसताना खोकली. मर्वचा चेहरा उतरला.

"हसवू नकोस तिला."

"बरं बाबा. मी कोपऱ्यात बसते, विणतेसुद्धा नाही. सुयांचा आवाज होईल."

नोएलीन उभी राहिली. हेडफोन लावले, एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला. मर्वने चौथ्या ट्रॅकचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

ती गायली. आवाज थोडा खरखरीत झाला होता, लोकरीच्या आतल्या बाजूसारखा, पण सुरात होता. पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याच्या शेवटी, बरोबर 'माझ्याकडे'वर, आवाज केसाएवढा चिरला. तिने सांभाळलं. आणि तिसरं कडवं तिने असं म्हटलं की ग्लेनिसने तोंडावर हात धरला. टेप संपेपर्यंत कोणी हललं नाही.

"झालं," नोएलीन म्हणाली आणि खुर्चीत बसली. घामाने तिचं कपाळ ओलं झालं होतं.

मर्वने रिवाइंड केलं, ऐकलं, पुन्हा ऐकलं. ग्लेनिस त्याच्या तोंडाकडे बघत होती. बघता बघताच तिला कळलं.

"नाही हं, मर्व."

"एकच जागा आहे. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ. तेवढीच."

"राहू दे की चिरलेलं. माणसाचा गळा आहे, शिट्टी नाही."

"कायम राहणार आहे हे, ग्लेनिस. दरवेळी ऐकताना तिथे अडखळायला होईल. सबंध गायचं नाही तिला. टेप चालू ठेवायची, ती ओळ आली की पायाने बटण दाबायचं, तेवढीच नवी भरते. ओळ संपली की पुन्हा दाबायचं. आधीचं, नंतरचं शाबूत."

"मग आधी एक कॉपी तरी काढून ठेव. बाहेरच्या खोलीत कॅसेट डेक आहे ना तुमचा?"

"कॉपीत खरखर वाढते."

"खरखर वाढते म्हणे," ग्लेनिस म्हणाली. "अति तिथे माती होते, मर्व."

मर्वने पाठ फिरवली आणि बटणाची वायर खोचू लागला. नोएलीनने त्या पाठीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि उठली. "एक ओळच ना," ती म्हणाली. "त्याला नाही म्हणण्यापेक्षा गाणं सोपं आहे."

टेप फिरू लागली. हेडफोनमध्ये तिचाच आवाज तिला गाऊन दाखवत होता. मर्वचा पाय बटणावर तयार होता. पहिलं कडवं, दुसरं. ओळ आली. त्याने बटण दाबलं, लाल दिवा लागला, आणि नोएलीनने तोंड उघडलं.

पहिले दोन शब्द आले. तिसऱ्याला नुसती हवा आली. मग खोकला. तो थांबेना, ती टेबलावर वाकली, हेडफोन गळून लोंबकळू लागले, आणि हातातल्या रुमालावर तांबडं दिसलं. मर्वची खुर्ची मागे पडली. तो धावला. "बस, बस खाली. ग्लेनिस, पाणी." नळ सुटला, ग्लास धडपडला. तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "हळू. हळू गं. मी आहे ना." किती वेळ गेला कुणी मोजला नाही. हळूहळू तिचा श्वास सुरळीत झाला.

मग मर्वचं टेबलाकडे लक्ष गेलं. टेप फिरतच होती. लाल दिवा तसाच होता.

त्याने बटण दाबलं ते पायाने नाही, मुठीने. पण तोपर्यंत गाण्याचा शेवट कधीच होऊन गेला होता. तिसरं कडवं, ज्यावर ग्लेनिसने तोंडावर हात धरला होता, ते सगळं पुसून त्या जागी खोकला, नळ आणि त्याची स्वतःची धावपळ भरली गेली होती. पुन्हा भरायला आवाज शिल्लक नव्हता.

नोएलीनने मान वर केली. आवाज फुटत नव्हता, म्हणून तिने गिरणीतल्यासारखं ओठांनी विचारलं, "झालं?"

आयुष्यात पहिल्यांदा मर्व ओठांनी खोटं बोलला. "झालं."

ऑपरेशन नीट पार पडलं. तीन आठवड्यांनी नोएलीन घरी आली तेव्हा गळ्यावर पातळ सुती रुमाल होता आणि हातात लिहायची वही. वही पाहुण्यांसाठी होती. मर्वशी ती ओठांनी बोलायची, आणि दोघांना कधी अडलं नाही. गिरणीतल्या मैत्रिणी आल्या की खोलीत आवाज न होता इतका गोंधळ चालायचा की ग्लेनिस म्हणायची, "हळू बोला जरा, शेजारी काय म्हणतील?"

गाण्याचा विषय निघाला की मर्व सटकायचा. कोळसा आणायचा असायचा, नाहीतर पन्हळ साफ करायची असायची. त्या तीन आठवड्यांत त्याने टेप एकदाही लावली नव्हती. फेकलीही नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी नोएलीन टेबलाशी येऊन बसली आणि यंत्रावर बोट ठेवलं.

"लाव."

"आज नको. दमली आहेस तू."

"लाव, मर्व."

त्याने पाठ फिरवली आणि मोरीतली भांडी विसळू लागला. नेहमीची सवय ती, पण क्षणभराने त्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मागे शांतता होती. पूर्वी तो असा उभा राहिला की घरात तरी ती पाठीवर चार शब्द हाणायची. आता त्याच्या पाठीशी ती मुकी होती. त्याने पाठ फिरवली की तिचं तोंडच बंद व्हायचं.

तो वळायच्या आत ती आली. तिने त्याची हनुवटी धरली आणि चेहरा आपल्याकडे वळवला, लहान मुलाचं नाक पुसताना वळवतात तसा. ओठ मोठे करून, एकेक शब्द चावून ती म्हणाली, "मला माहीत आहे. लाल दिवा मलाही दिसत होता."

मर्वचे साबणाचे हात तसेच लोंबत राहिले. "तू मग..." तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "मी घालवलं गं. तुझा आवाज माझ्या हातात दिला होतास, तो मी घालवला."

तिने त्याला रडू दिलं. मग फ्रिजची पिन काढली आणि स्वतःच टेप लावली.

पहिलं कडवं आलं. तिचा आवाज. मर्व टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिला. दुसरं कडवं आलं, ओळ आली, दोन शब्द, आणि मग खोकला, खुर्ची आपटली, "ग्लेनिस, पाणी." खुर्चीच्या आवाजाला नोएलीनचे खांदे हलले. त्याने घाबरून वर पाहिलं. ती हसत होती. 'मी आहे ना' आलं तेव्हा हसायची थांबली.

मग तिसरं कडवं. अकॉर्डियन, गिटार आणि मर्वचा साथीचा आवाज, जो कुणाच्या तरी पाठोपाठ चालायला म्हणून भरलेला होता आणि आता पुढे कुणीच नसताना इमानाने चालत होता. त्याला ते ऐकवेना. नोएलीनने चौथ्या ट्रॅकची, आवाज कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढली, मग तिसऱ्याची, आणि मर्व गप्प झाला. अकॉर्डियनही गेलं. एकटी गिटार राहिली. तिची पट्टी नोएलीनने होती तेवढी वर सरकवली.

गिटारमागे कुणीतरी गुणगुणत होतं.

शब्द नव्हते. मिटल्या ओठांनी, दूरवरून, माइकला न जुमानता आलेलं. तिसरं कडवं सबंध होतं. 'माझ्याकडे'ला आवाज चढला, आणि जराही चिरला नाही.

शेवटची तार विरली.

"मी तुला गप्प बस म्हणालो होतो," मर्व म्हणाला.

"मी तुझं कधी ऐकलंय?" नोएलीनचे ओठ म्हणाले.

तिने कॅसेट काढली आणि तिच्या वरच्या कडेवर नखाने टकटक केलं, एका कोपऱ्यावर आणि मग दुसऱ्यावर. मर्वला समजलं. त्याने खणातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि कडेच्या दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकल्या. आता तिच्यावर कोणालाही, कधीही, काही भरता येणार नव्हतं. 'एकदाच अजून' म्हणणाऱ्यालाही नाही. ते दोन तुकडे सकाळच्या चीज रोलच्या बशीत, कडांच्या चुऱ्याशेजारी पडले.

"चहा?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली. तो उठला, किटली घेतली, आणि नळाशी आडवा उभा राहिला. पाणी अर्धं बाहेर सांडत होतं, बाही भिजत होती, पण तोंड त्याने तिच्याकडेच ठेवलं होतं.