पहिल्या दहा टक्क्यांत

आमचे मेहुणे युनिव्हर्सिटी निवडतात ती इमारत बघून. काचेची असेल, समोर हिरवळ असेल आणि हिरवळीवर लॅपटॉप घेऊन बसलेली पोरं हसत असतील, तर शिक्षण उत्तम. गणित करताना कोणी हसतं का, हा प्रश्न त्या भल्या माणसाला पडत नाही. भाचीनं क्वांटिटेटिव्ह फायनान्स, म्हणजे पैशाच्या बाजाराचं गणित, शिकायला परदेशी जायचं ठरवलं, तेव्हा तिला काही विचारायच्या आधी त्यांनी एक सल्लागार गाठला.

बहिणीनं मागे लागून मलाही त्या ऑफिसात नेलं. गृहस्थ प्रत्येक कोर्सपुढे प्रवेशाची शक्यता लिहून देत होते. इथे बहात्तर टक्के, तिथे एकोणपन्नास. मी तीस वर्षं कॉलेजात संभाव्यता शिकवतोय, म्हणून विचारलं की बहात्तर कुठून आले. अनुभवातून, म्हणाले. किती मुलांच्या अनुभवातून, म्हटलं, तर त्यांनी चहा मागवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आमचे मेहुणे ते आकडे वहीत उतरवून घेत होते.

घरात अक्कल होती ती एकट्या भाचीला. माझ्याच वर्गात तीन वर्षं शिकलेली. तिनं प्रत्येक ठिकाणचा अभ्यासक्रम आणि जुन्या प्रश्नपत्रिका काढून वाचल्या आणि एकच जागा निवडली. चौदा विद्यार्थ्यांचा विभाग, इमारत एखाद्या शाळेसारखी, नाव मेहुण्यांच्या एकाही मित्राला माहीत नाही. मेहुण्यांच्या आवडत्या काचेच्या इमारतीत तयार सूत्रांत आकडे भरायला शिकवत होते. इथे ती सूत्रं मुळापासून सिद्ध करून घेत. ती मला म्हणाली, "मामा, बाकी कुठेही गेले तरी नोकरी लागेल. इथे गेले तर मला कळेल." मेहुण्यांनी अट घातली: ती जागा मिळाली तर जा, नाही मिळाली तर मी म्हणतो तिथे, मुकाट्यानं.

तिची शिफारस मी करायची होती. ऑनलाइन फॉर्म आला. या विद्यार्थिनीला कुठे बसवाल? पहिल्या एक टक्क्यात, पाच, दहा, पंचवीस. माझ्या शेजारच्या टेबलावरचे प्राध्यापक सगळ्यांनाच पहिल्या एक टक्क्यात बसवतात. गेल्या वर्षी त्यांची एकवीसच्या एकवीस मुलं तिथे बसली होती, आणि हा माणूस संख्याशास्त्र शिकवतो. जनाची नाही तर मनाची तरी. आपल्याकडे असलं चालत नाही. माझ्या पेपरात पंच्याहत्तर मार्क म्हणजे डोक्यावरून पाणी. मी दहा टक्क्यांवर खूण केली आणि चार ओळी लिहिल्या. मेहनती आहे, विचार स्वच्छ आहेत, घाईत कधीकधी चुकते. तिथल्या निवड समितीतल्या बिचाऱ्यांना वर्षाकाठी एक तरी खरं पत्र वाचायला मिळेल, म्हणून फॉर्म पाठवताना मला फार बरं वाटलं.

नकार आला. भाचीनं कारण विचारलं आणि त्यांनी ते कळवलंही. ती दुपारी स्टाफरूममध्ये आली. मी खुर्ची पुढे केली तरी बसली नाही, उभ्यानंच फोनवरून वाचून दाखवलं. प्रवेशपरीक्षेत ती सगळ्यांत पहिली होती. पण ज्यांनी तिला तीन वर्षं शिकवलं त्या प्राध्यापकांनाच तिच्याबद्दल पुरेशी खात्री दिसली नाही, म्हणून निवड समितीचा निरुपाय झाला.

"मामा, तुला मी खरंच एवढीच वाटते?"

मी समजावायला लागलो की माझ्या मापानं दहा टक्के म्हणजे फार वर, आजवर दोघांनाच दिलेत.

"तुझं माप त्यांना कोण सांगणार होतं?"

जगाला नावं ठेवत हिंडणारा दीडशहाणा मी, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आत्ताच्या आत्ता त्यांना दुसरं पत्र लिहितो, म्हणालो. जागा भरल्यात, म्हणाली.

मग तिनं एक कागद माझ्यापुढे ठेवला. काचेच्या इमारतीसाठी सल्लागारानंच माझ्या नावानं शिफारस लिहून दिली होती, मी फक्त सही करायची. वाचायला घेतलं. साबणाच्या जाहिरातीनं लाजावं अशी भाषा. असामान्य, विलक्षण, नेतृत्वगुण. नेतृत्व कसलं डोंबलाचं, वर्गात ती शेवटच्या बाकावर एकटी बसायची. आणि मधेच एक ओळ होती: गणिताची इतकी खोल समज असलेली विद्यार्थिनी मी तीस वर्षांत पाहिलेली नाही.

त्या माणसानं तिची एक वहीसुद्धा कधी उघडली नव्हती. असल्या ओळी तो प्रत्येकासाठी लिहीत असणार. पण ही ओळ खरी होती. दुसऱ्या वर्षापासून मला ते माहीत होतं, आणि पोर शेफारेल म्हणून मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं.

मी मान वर केली आणि म्हणालो, "तुझ्यासारखी विद्यार्थिनी मला तीस वर्षांत मिळाली नाही गं."

"हो, तसंच लिहावं लागतं म्हणे," ती म्हणाली आणि सहीची जागा दाखवली. "इथे कर."