मी, तारखेला न मेलेल्या उमाबाईंची कुबडी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. चालायची नव्हे, बसायची. हे आधीच सांगून टाकते, कारण मला बघितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, म्हातारीचा कोणता पाय अधू होता? उमाबाईंचे दोन्ही पाय ठणठणीत होते. मी हातभर उंचीची आहे. खाली सरळ दांडा आणि वर आडवी, मध्ये खोलगट पट्टी. ध्यानाला बसणारा माणूस मला जमिनीवर उभी करतो, काखेत घेतो आणि हाताचा भार माझ्यावर सोडतो. एवढंच माझं काम. काम लहान आहे, पण त्यात मी कधी कसूर केली नाही. म्हणून ज्यांनी ज्यांनी मला चुलीत घालायची भाषा केली, त्यांच्यापुढे मान खाली घालायची माझी मुळीच तयारी नाही.

शिरूर कासारच्या शहादेव सुतारांनी मला बाभळीतून काढलं. खरं तर ते लाकूड कुणाच्या तरी नांगराचं रुमणं, म्हणजे धरायची मूठ, व्हायचं होतं. एका बाजूला गाठ निघाली, रुमण्याला ते चालेना, म्हणून शहादेवांनी तो तुकडा बाजूला टाकला. पुढं मठातल्या म्हाताऱ्या स्वामींनी कुबडी मागितली तेव्हा त्या तुकड्यात शहादेवांना मी सापडले. म्हणजे नापास लाकडातूनच माझा जन्म झाला. मला त्याची लाज वाटत नाही. ती गाठ अजून माझ्या दांड्यात आहे आणि माझ्या अंगात सगळ्यात घट्ट तीच आहे.

स्वामींनी मला उमाबाईंना दिलं. उमाबाई चकलांब्याजवळच्या एका वस्तीवर राहायच्या. घरातली माणसं लिंगायत, किराणा दुकानाची. या लोकांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. पूजेच्या वेळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि त्याच्याकडे बघत राहायचं. घटकाभर हात तसा धरून बघा म्हणजे माझी किंमत कळेल! उमाबाई रोज पहाटे दोन तास बसत. त्यांचा हात कधी थरथरला नाही, कारण खाली मी होते.

आता त्या खड्ड्याचं सांगते. लिंगायतांमध्ये माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, आडवाही करत नाहीत. ध्यानाला बसल्यासारखा बसवून, हातात त्याचं लिंग देऊन पुरतात. खड्डा ज्याचा त्याच्या पावलांनी, टाचेला अंगठा लावत मोजायचा, नऊ पावलं लांब, नऊ पावलं रुंद. उमाबाईंचे यजमान विरुपाक्ष भर वैशाखात गेले तेव्हा त्या मुरमाड जमिनीत खड्डा खणायला दोन दिवस लागले होते. खणणाऱ्या तिघांचे हात सोलले. उमाबाईंनी ते बघितलं होतं. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडून वाळली होती आणि उमाबाईंना त्या वर्षी हिवताप येऊन गेला होता. त्यांनी वस्तीवरच्या रामहरीला बोलावलं आणि मळ्यात स्वतःच्या पावलांनी जागा मोजून दाखवली.

"रामहरी, उन्हाळा वाढायच्या आत हे खांदून ठेव. मी कवा बी जाईन. माज्यापायी कुनाचे हात सोलायला नकोत."

रामहरी आधी तयार होईना. मग रोज थोडं थोडं करत त्यानं पुरुषभराहून खोल खणलं. उतरायला तीन उंच पायऱ्या केल्या आणि एका भिंतीत बसण्यापुरता कोनाडा केला. आणि मग उमाबाईंनी आपल्या स्वभावाप्रमाणे एक गोष्ट केली. आतमध्ये गारवा होता, आवाज नव्हता. त्या मला घेऊन रोज सकाळी तिथंच ध्यानाला बसू लागल्या! सुनेला, जगदेवीला म्हणाल्या, "ज्या घरात ऱ्हायला जायचं त्याची सवय करून ठिवावी." सांगायला लाज वाटते, पण पहिल्या दिवशी मी घाबरले होते. त्या मात्र मांडी घालून आरामात बसल्या.

चूक झाली ती इथं. वस्तीनं एवढंच बघितलं, की उमाबाई स्वतःचा खड्डा खणून त्यात बसतात. दुष्काळात माणसाला काहीही खरं वाटतं. कुणीतरी म्हणालं, म्हातारी जिवंत समाधी घेणार. दुसरं म्हणालं, तिनं घेतली की पाऊस पडणार. ही गोष्ट सोसायटीचे चेअरमन मोहनराव यांच्या कानावर गेली आणि त्यांनी थेट सोमवारच ठरवून टाकला. ज्या बाईनं मरायचं, तिला विचारायचं तेवढं सगळे विसरले. जगदेवी खडीच्या कामावर आणि उमाबाई पहाटेपासून ध्यानात, त्यांना सांगणार कोण?

त्या सोमवारी आम्ही नेहमीसारख्या खाली उतरलो. उमाबाईंनी लिंग तळहातावर घेतलं, मला काखेत घेतलं आणि बघता बघता त्यांचा श्वास इतका बारीक झाला की मलाही मुश्किलीनं कळत होता. वर पावलं वाजू लागली. नारळ फुटले. मला सगळं ऐकू येत होतं, पण लाकडानं सांगावं कसं? गर्दी काठावर इतकी रेटली, की पायऱ्यांकडची बाजू ढासळून तिन्ही पायऱ्या बुजल्या. मग एक मूठभर माती उमाबाईंच्या केसांवर आणि माझ्या पट्टीवर पडली. पाठोपाठ दुसरी पडली.

उमाबाईंनी डोळे उघडले. "कोन माती टाकली?"

मग मोहनराव पुढं झाले आणि हात जोडून म्हणाले, "काकू, लई मोठं काम करायलात तुमी. तुमी डोळे मिटा, बाकीचं आमी बघतो."

"काय बघता?"

"समाधीचं. तुमच्या पुन्याईनं पाऊस येनार हाय. समदी पंचक्रोशी जमलीय."

"मोहना, तुजं नाक पुसल्यालं हाय मी. नीट आयक. मी मरायला बसले न्हाई. मरन कसं आसतं ते बघायला बसते रोज."

"मग खड्डा कावून खांदला, काकू?"

"मरनार हायच की मी! आज न्हाई, एवढंच."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी चिडून ओरडलं, "आमी गेवराईवरनं चालत आलतो की!"

"मग चालत जावा," उमाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, हसू नका. तो क्षण हसण्याचा नव्हता. दोन वर्षं पाण्यावाचून काढलेली ती माणसं होती, आणि त्यांचा पाऊस खड्ड्यात बसून नाही म्हणत होता. मागची माणसं पुढच्यांना रेटत होती. अजून माती पडली, या वेळी ओंजळभर. आत उतरून उमाबाईंना हात द्यायला एकही जण तयार नव्हता. मला त्या दिवशी माणसांची भीती वाटली, खड्ड्याची नाही.

तेवढ्यात गर्दी फोडत जगदेवी आली. कामावर तिला ताराबाई नावाच्या सोबतिणीनं सांगितलं होतं, "तुजी सासू आज बसती म्हनं." ती दीड कोस पळत आली होती. ती काठावर पालथी पडली आणि तिनं हात खाली सोडला. हात पुरेना. उमाबाईंनी लिंग गळ्यात घातलं आणि मला उलटी धरून वर केलं. जगदेवीनं माझी पट्टी दोन्ही हातांनी धरली, उमाबाईंनी खाली दांडा धरला. शहादेवांनी मला हाताचा भार पेलायला घडवलं होतं, अख्ख्या माणसाचा नव्हे. पट्टीजवळ मी चरचरले. चीर गेली. पण मी सुटले नाही! ती चीर आजही आहे आणि तिच्यावर तांब्याची तार आहे. दागिना घालून मिरवावं तशी मी ती मिरवते.

बाहेर येऊन उमाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि समोर बघितलं. आंब्याखाली पाण्याचा टँकर उभा होता. वस्तीनं तो अख्ख्या उन्हाळ्यात बघितला नव्हता.

"ह्यो कवा आला?"

मोहनराव चाचरले. "आज. आल्या-गेल्यासाठी मागवला."

"मी मरनार म्हनून पानी येतं व्हय? मग मी जगले म्हनून बी येऊ दे. परवा पुन्हा आला पायजे. न्हाई आला तर तुज्या सोसायटीच्या दारात बसते, डोळे उघडे ठिवून."

एवढ्या लोकांसमोर मोहनराव नाही कसं म्हणणार? पाऊस येईपर्यंत आठवड्यातून दोनदा टँकर आला. पाऊसही आपल्या वेळेला आला. पण आभार कुणी मानले नाहीत. उलट, उमाबाई मरणाला भ्याली, खड्ड्यातून पळाली, असं लोक बरीच वर्षं म्हणत राहिले. मी दिसले की पोरंसोरं चिडवत, "ही बघा पळपुटीची कुबडी!" तो माझा सगळ्यात वाईट काळ. जगदेवीही रडली.

उमाबाई तिला म्हणाल्या, "त्यांला वाटतं मरायला धाडस लागतं. मरन आपलं आपन येतं, पोरी. ते येताना जागं ऱ्हायचं, त्याला धाडस लागतं."

"पन स्वामी म्हनायचे, आत एक हाय, ते मरत न्हाई. ते काय आसतं, आत्याबाई?"

"श्वास आत येतो, तुला कळतं. भाईर जातो, तुला कळतं. ज्याला कळतं ते काय श्वासासंगं भाईर जात न्हाई. त्याच्याकडं बघत बसायचं. मला एवढंच ठावं हाय."

अकरा वर्षं त्या बघत बसल्या. खड्ड्याच्या बुजलेल्या पायऱ्या पुन्हा मोकळ्या करून वर फळ्या टाकल्या होत्या. उन्हाळ्यात फळ्या बाजूला करून आम्ही खाली उतरत असू, आणि लोक लांबून जात.

मग मार्गशीर्षातली एक सकाळ आली. जगदेवी ओसरीवर ज्वारी पाखडत होती. उमाबाई पूजेला बसल्या होत्या. "जगदेवी," त्या म्हणाल्या, "सूप ठेव. हितं येऊन बस. रडायचं आसंल तर मागून रड."

जगदेवीनं त्यांच्या पायाला हात लावला. पाय गार पडले होते. तिनं शेजारच्यांना हाक मारली, आणि थोड्याच वेळात दारात जीप येऊन थांबली. आतून मोहनराव उतरले. त्यांचे केस पिकले होते. "काकू, चला. गेवराईला डाक्टर हायेत. तासात पोचतो."

"तिथं नेऊन मला निजवतील. मला बसून जायचंय."

"आसं कसं सोडू तुमाला?"

"मोहना, तवा जित्तीला पुरायला निघाला व्हतास, आता मरतीला पळवतोस व्हय? ह्ये मरन माजं हाय. खाली बस."

चेअरमन उंबऱ्याशी खाली बसले. उमाबाईंनी तळहात डोळ्यांसमोर धरला. मी काखेत होते. त्या हळू आवाजात सांगू लागल्या, शेतातली कामं सांगावीत तसं.

"पाय गेले. मी हाय."

जगदेवीनं त्यांच्या गुडघ्यांना हात लावून बघितला, तेही गार होते.

"कंबर गेली. मी हाय."

जगदेवीनं तोंडात पदर कोंबला होता. मोहनरावांचे डोळे वाहत होते. उमाबाईंचे डोळे मात्र स्वच्छ होते आणि लिंगावर होते.

"डाव्या हाताचं कळंना झालं. मी हाय."

हात तरीही खाली आला नाही. तो पेलायला मी होते. मग ओठ हलले आणि "मी" एवढंच ऐकू आलं. पुढचा शब्द मी कितीतरी वेळ ऐकत राहिले.

त्याच दुपारी त्यांना बसवूनच नेलं. कुणाचे हात सोलले नाहीत. खाली कोनाड्यात बसवल्यावर विधी करायला आलेल्या मठपतींनी वर हात केला, "कुबडी द्या. त्यांची हाय, त्यांच्यासंगं जाऊ द्या." मी जायला तयार होते. जगदेवीनं मला छातीशी धरलं आणि म्हणाली, "आत्याबाईला आता टेकू लागत न्हाई. मला लागतो." आणि तिथंच काठावर, सगळ्या गावासमोर, तिनं मला काखेत घेतलं, मांडी घातली आणि आपलं लिंग तळहातावर घेतलं. मातीची पहिली पाटी पडली तरी तिचा हात हलला नाही.

मित्रांनो, उमाबाई गेल्या तेव्हा ज्या वयाच्या होत्या, त्या वयाची जगदेवी आता झाली आहे. माझ्याकडे बघून लोक हळहळतात, मला काचेच्या पेटीत ठेवा म्हणतात, कुणी हळद-कुंकू लावतात. मला पेटी नको, कुंकू नको आणि कीव तर नकोच नको. माझी काळजी घ्यायची असेल तर वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळा, तार सैल झाली तर आवळा, आणि ताठ बसा. मी मोडेन तेव्हा मोडेन. तोवर माझ्यावर भार टाका.