टायपिस्टाची पसंती

“ह्यात काय खोट आहे तेवढं सांगा, चेन्नवीरप्पा,” वकील भ्रमरांबा मॅडम कॉम्प्युटरच्या दुकानातल्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. “म्हणजे मी घरी जायला मोकळी.”

दुकानदार हसला. चेन्नवीरप्पांना हसू आलं नाही. हावेरीच्या कोर्टाबाहेर कडुनिंबाखाली टाइपरायटर मांडून त्यांना एकतीस वर्षं झाली होती, त्यातली बावीस मॅडमचे दावे टाइप करण्यात गेली. कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की मॅडम त्यांनाच सोबत आणत, आणि तीन वर्षं त्यांनी नन्नाचा पाढा लावला होता. एकाचा पडदा डोळ्यांवर येतो, दुसऱ्यात कानडी अक्षरं विस्कटतात, तिसरा वीज गेली की बसतो. मॅडम मान डोलावत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हाताने लिहिलेले कागद घेऊन कडुनिंबाखाली हजर. पोटासाठी माणूस काय काय बोलतो!

पण मागच्या सोमवारी मॅडमची अशील हनमव्वा, तिचा अर्ज परत आला. आता कागद चालणार नाही, कॉम्प्युटरवरूनच दाखल करा, असं कोर्टाच्या खिडकीवर सांगितलं. बाहेरून करून आणेपर्यंत दोन दिवस गेले, तेवढ्यात दिराने त्या विधवेच्या घराला कुलूप ठोकलं. तिने झाडाखाली बसून भाकरीचं फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी चेन्नवीरप्पांपुढे केली. ती त्यांनी तशीच कागदात गुंडाळून ठेवली होती.

“बघा अज्जा,” दुकानदार म्हणाला, “निकाल शोधून देतं, तारखा ध्यानात ठेवतं. तोंडाने बोललात तरी टाइप होतं.”

“म्हणजे बोटं नकोतच की,” चेन्नवीरप्पा म्हणाले.

“आणि अशिलाची सही राहिली तर?” मॅडमनी विचारलं. “ह्यांच्यासारखं खेकसतं का माझ्यावर?”

“तेवढं नाही बाई.”

चेन्नवीरप्पांनी चष्मा पुसला आणि बोटांकडे न बघता कानडीत टाइप केलं. हावेरी येथील दिवाणी न्यायालयात. एक अक्षर विस्कटलं नाही. बटणं मात्र फार मऊ होती. खोट म्हणून तेवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

“हेच घ्या, मॅडम,” ते म्हणाले. “मागचे तिन्ही चांगलेच होते.”

मॅडमनी पर्सचा बंद सोडला.

“ठाऊक होतं मला,” त्या म्हणाल्या.

मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. चेन्नवीरप्पांनी पडद्यावर खाली मॅडमचं नाव टाइप केलं, वादीतर्फे वकील. सवयीने वर सहीपुरती जागा सोडली होती. ती बरोबर आहे ना, हे त्यांनी एकदा वाकून पाहिलं आणि हात मांडीवर घेतले.