कुजेल तेवढंच टाका

“वैनी, ह्यात कुजंल तेवढंच टाका. काच-खिळा नगं. मी अनवाणी उतरतीया की!”

मित्रांनो, मी एक जुना खतखड्डा आहे, आणि हे बोल मला खणले त्या दिवशीचे आहेत. बोलणारी धोंडुबाई, परसात कामाला येणारी. तिनेच मला खणले. ऐकणाऱ्या मीनाक्षीबाई, कोल्हापुरातल्या या घरच्या सूनबाई. त्या हसून म्हणाल्या, “धोंडुबाई, बी. ए. झालेय मी. काय कुजतं, काय नाही, एवढं कळतं मला.”

“बी. ए. झालासा, पर खड्ड्यात कवा उतरलासा?” धोंडुबाईने कुदळ खांद्यावर टाकली.

ते साल एकोणीसशे बावन्न. पहिली तीन वर्षे माझी चंगळ होती. भाजीची देठे, शेंगांची टरफले, चुलीतली राख, वर शेणकाल्याचा थर. धोंडुबाई महिन्यातून दोनदा उतरून मला खालीवर करी. तयार खत वांग्यांच्या बुडाशी जाई, त्यावर उसाच्या पाचटाचे पांघरूण, म्हणजे ओल टिकते. वांगी अशी धरली की शेजारपाजार बघायला येई. कौतुक मीनाक्षीबाईंचे होई. थोडे माझेही. धोंडुबाईचे कुणी केल्याचे मला आठवत नाही.

मीनाक्षीबाईंना धास्ती एकाच गोष्टीची, दोन वर्षांच्या लेकीला, लीलाला काही होईल याची. ती पडू नये म्हणून त्यांनी माझ्याभोवती कामट्यांचे कुंपण घातले. एका सकाळी पुसता पुसता कंदिलाची काच फुटली. लीलाच्या पायात जाईल म्हणून त्यांनी ओल्या फडक्याने तुकडा न् तुकडा टिपला, आणि सगळे माझ्यात टाकून वर राख पसरली. मला ओरडता आले असते तर!

चौथ्या दिवशी धोंडुबाई उतरली. टाच चिरली.

“काय झालं?” लीलाला कडेवर घेऊन मीनाक्षीबाईंनी लांबूनच विचारले.

“काय न्हाय वैनी, खरचाटलंय.” तिने चिमूटभर राख दाबली आणि काम पुरे करून गेली. काचेचे मीनाक्षीबाई काहीच बोलल्या नाहीत.

मग ती आलीच नाही. “गेली असेल आजऱ्याला लेकीकडे. सांगून जायची रीतच नाही,” मीनाक्षीबाई चिडल्या. तिची खोली दोन गल्ल्यांपलीकडे होती. कुणी गेले नाही.

दहाव्या दिवशी तिच्या शेजारचा केरबा कुंपणाशी आला. “धोंडुआक्का गेली, वैनी. धनुर्वात झालता. दातखीळ बसली, ती सुटलीच न्हाय.”

त्या दिवशी मीनाक्षीबाई पहिल्यांदा माझ्यात उतरल्या. पायांत चपला होत्या. राख उकरून त्यांनी काचा वेचल्या. भोवतीचे सगळे कुजत आले होते. काचा तशाच लखलखीत. मग माझ्यावर माती लोटली गेली. त्या उन्हाळ्यात वांगीही वाळली.

मित्रांनो, माझ्यात काय टाकावे ते मी नव्याने सांगणार नाही. ते तिने सांगितले होते. पण तुमच्याही परसात, गोठ्यात कुणी अनवाणी राबत असेल. चार दिवस ती दिसली नाही, तर खाडा झाला म्हणून कुरकुरू नका. तिचे घर फार तर दोन गल्ल्यांपलीकडे असते. उठा, आजच जा. दारातून हाक मारा, आणि ती ओ देते का बघा.