पाती कुठे गेली

तक्त्यातल्या शून्यावर बोट टेकवून तिने फोन लावला.

"दादा, पवनचक्कीची जुनी पाती मोडीत काढायला लागणारी ऊर्जा शून्य? हे भरलं कोणी?"

"मीच. का गं?"

"असं कसं असेल?"

"आहे ते आहे. तुझी वहिनी हाक मारतेय, ठेवतो."

भांडं फोडलं की लहानपणी तो असाच भरभर बोलायचा.

सौर पट्ट्या की पवनचक्क्या? खाणीपासून भंगारापर्यंत कोण किती ऊर्जा खातं आणि त्या बदल्यात किती देतं, याची तुलना तिच्या हातात होती. पवनचक्की सहज पुढे दिसत होती. चक्कीचे आकडे आले होते दादाच्या पवनऊर्जा केंद्रातून. तो तिथला देखभालप्रमुख. सख्ख्या भावावर संशय घ्यायचा म्हणजे त्याच्याच अन्नात माती कालवायची. पण पाणी कुठेतरी मुरत होतं.

सकाळी ती न कळवताच केंद्रावर पोचली. 'साहेबांची बहीण' म्हणून पहारेकऱ्याने हसून आत सोडलं. चक्क्या शहाण्या मुलींसारख्या फिरत होत्या. ती त्यांच्याकडे न बघता टेकाडामागे गेली. तिथे माती लांबच लांब उकरून पुन्हा लोटलेली होती, गवताची काडी नव्हती, आणि एका टोकाला पात्याची पांढरी कड वर आली होती. वितळत नाही, कुजत नाही, मग पुरायचं.

मागे पावलं वाजली. दादा.

"मला वाटलं, कालच येशील."

"खोटं लिहिलंस तू! ही उतरवायला, कापायला, पुरायला काहीच लागलं नाही?"

"वरून सांगितलं होतं, तो रकाना रिकामा ठेवा. रिकामा दिसता तर तू सरासरी आकडा घालून पुढे गेली असतीस."

सौर पट्ट्यांच्या बाबतीत तिने तेच केलं होतं.

"शून्य मात्र तुझ्या घशाखाली उतरणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"अरे, नोकरी जाईल तुझी."

"हो." तो बुटाने ढेकूळ फोडत राहिला. "वहिनीला तुझ्या अजून बोललो नाही."

वारा सुटला होता. मग तिने पिशवीतून मोजफीत काढली. दादाने तिचं दुसरं टोक धरलं आणि मातीच्या कडेकडेने चालू लागला.