यादीबाहेरची खिरापत

यशोदाबाईंनी टेबलावर पत्ते पसरले, आणि दहावीच्या वर्गातल्या साऱ्या मुलींनी एकदम दाराकडे पाहिलं.

दारात कुणी नव्हतं. बाहेर निंबाच्या सावलीत शाळेचा शिपाई लहानू डोळे मिटून बसला होता, तेवढाच.

"दाराकडे काय बघता? इकडे बघा," बाई म्हणाल्या. "नीट पिसलेल्या बावन्न पत्त्यांतून एक पत्ता काढला. तो राजा असण्याची संभाव्यता किती? आधी सांगा, पत्त्यांत राजे किती असतात?"

मुली एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. शेवटी मागच्या रांगेतून शोभा म्हणाली, "एकच असन, बाई."

"एकच?"

"मंग? एका गावात दोन राजे कसे राहतीन?"

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं की गेले दोन दिवस आपण उगाच अपूर्णांकांच्या मागे लागलो होतो. या मुलींना अपूर्णांक छान येत होते. फक्त पत्ता कसा असतो, हे त्यांच्यातल्या एकीनंही जवळून पाहिलेलं नव्हतं.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्याला दोन वर्षं झाली होती. नव्या पुस्तकात शेवटी संभाव्यतेचा धडा होता आणि त्यातली निम्मी उदाहरणं पत्त्यांची. देवळी गावात तेव्हा पत्ते म्हणजे कापसाच्या गाड्यांच्या आडोशाला बसलेल्या पुरुषांची गोष्ट. बायका तिकडून जाताना पदर सारखा करून पुढे होत. वर्ध्याहून रोज एसटीनं येणाऱ्या यशोदाबाईंना याची कल्पना नव्हती असं नाही. म्हणून तर पत्त्यांचा नवा कोरा कॅट त्यांनी पर्समध्ये रुमालाखाली दडवून आणला होता.

"हात लावा. चावत नाहीत," त्या म्हणाल्या.

सगळ्यात आधी नलू उठली. तिनं एक पत्ता उचलला, उलटा करून पाहिला, मग दुसरा. बघता बघता तिनं टेबलावर चार रांगा लावल्या, काळ्या दोन, लाल दोन, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला राजा ठेवला.

"चार आहेत, बाई. बावन्नात चार. म्हंजे तेरात एक."

तास संपल्यावर तीच टेबलाशी घुटमळत राहिली. "बाई, एका रात्रीसाठी नेऊ का? उद्या आणतो परत." विदर्भातल्या मुली तेव्हा 'आणतो', 'जातो' असंच म्हणत. बाईंनी कॅट तिच्या दप्तरात टाकला. मुलीला अकरावीला वर्ध्याच्या कॉलेजात गणित घ्यायचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या घरात काय आहे, ते ठाऊक नव्हतं.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. मधल्या सुट्टीत नलूची आजी मनकर्णाबाई शाळेत आली. लुगड्याचा ओचा घट्ट खोचलेला, हातात पत्त्यांचा कॅट, आणि मागे मान खाली घातलेली नलू.

"हे तुमी देल्ले?"

"हो. धड्यात आहे ते, आजी. हिशेब करायला."

"पत्त्याचा हिशेब मी करून बसली हाय, मास्तरीणबाई. आमच्या मालकानं पोळ्याच्या दिवशी बैलजोडी घालवली याच्यात. तोरणातून सजवलेली जोडी घेऊन निंगाले, अन् घरी आले तं हातात खाली कासरा. तवापासून आमच्या घरात पत्ता शिरला नाई."

यशोदाबाई काही बोलणार, तोच ती पुढं म्हणाली, "पोरगी म्हणते अकरावीले वर्ध्याले जातो. तिचा बाप काई बोलत नाई, माय त्याच्याहून बोलत नाई. मीच बोलाव लागते. वर्ध्याले जाऊन हेच शिकाचं असन, तं दहावी लय झाली."

"तसं नाही, आजी."

"मंग कसं, ते सांगजा कदी." तिनं कॅट परत दिला नाही. कनवटीला खोचला. "हा माह्याजवळ राहीन. इतकं मोठं जनावर नेलं यानं. पाहू तं द्या, काय हाय याच्यात."

ती गेली. नलू बाकावर जाऊन बसली आणि पूर्ण तासभर तिनं वर पाहिलं नाही.

तेवढ्यात भुलाबाईचे, भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंतचे दिवस आले. संध्याकाळ झाली की मुली घोळक्यानं एकेकीच्या घरी जात, भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या जोडीपुढे गाणी म्हणत, आणि गाणी संपली की घरची मुलगी खिरापतीचा झाकण लावलेला डबा घेऊन उभी राही. डबा खुळखुळ वाजवायचा आणि बाकीच्यांनी आत काय आहे ते ओळखायचं. ओळखलं नाही, तर हरलो म्हणायचं. हरलो म्हणणं भारी जड जाई. खिरापत ओळखो न ओळखो मिळेच, तरी.

एका दुपारी वर्गात यावरूनच कालवा चालला होता. आदल्या संध्याकाळी एका मैत्रिणीच्या घरी कुणी काय म्हटलं आणि कोण उगाच ओरडलं, असा वाद. यशोदाबाई दारात थांबून ऐकत राहिल्या. मग आत आल्या आणि त्यांनी फळ्यावर एक गोल डबा काढला.

"डब्यात काय काय असू शकतं? सगळं सांगा."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग नावं यायला लागली. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, लाडू, शिरा, पेरूच्या फोडी. बाईंनी सगळी लिहिली.

"सहा झाली. यातलं काहीतरी एक आत आहे. डोळे मिटून 'लाडू' म्हटलं, तर बरोबर येण्याची संभाव्यता?"

"सहात एक," चारपाच आवाज आले.

"आता मी डबा वाजवला. खुळखुळ वाजला."

"मंग शिरा नाई," एक म्हणाली. "लाडूही नाई. थो गडगडते." "पेरूही नाई वाजत तसा."

बाईंनी तीन नावं खोडली. "आता किती?"

खाली मान घातलेली नलू हळूच वर पाहत म्हणाली, "तीनात एक." आणि मग तिला राहवलं नाही. "पन बाई, शोभाच्या घरी असलं तं? तिच्या बाबाचं फुटान्याचं दुकान आहे. तिच्याकडे दरवर्षी फुटानेच असतात. तिथं तीनात एक कसं होईन?"

शोभा चिडली. "मागच्या साली मुरमुरे होते."

"त्याच्यातबी फुटाने होते."

वर्ग असा हसला की लहानू उठून खिडकीशी आला. यशोदाबाईंनी खडू खाली ठेवला. पुस्तकात 'समसंभाव्य' हा शब्द होता, आणि तो समजावून सांगायला त्या आठवडाभर शब्द शोधत होत्या.

त्यानंतर धडा पुढं सरकला तो धावतच. मुली भुलाबाईला निघण्याआधी यादी करत. कुणाच्या घरी काय पिकतं, कुणाची आई आळशी, कुणाकडे पाहुणे आलेत, सगळं धरून. आणि बहुतेकदा पहिल्या तीन नावांत ओळखत. गावातल्या बायका हैराण झाल्या. डब्यात रुमाल कोंबून, चमचे टाकून त्या आवाज बदलायला लागल्या. मुली चमचेही धरायला लागल्या.

नलू पुन्हा हसू लागली होती, पण पत्त्यांचं नाव निघालं की गप्प होई.

"आजीनं कुठं ठेवले गं?" बाईंनी एकदा विचारलं.

"नाई ठाऊक. आजी अन् आई तं दुपारी मधल्या खोलीचं दार लावून बसतात आजकाल. कापूस वेचाच्या पिशव्या शिवून राह्यलो म्हणतात." नलू जरा थांबली. "पन शिवता शिवता इतक्या हासतात कायले, समजत नाई. माह्या आईले मी तशी हासताना कदी पाह्यली नाई."

कोजागिरी दोन दिवसांवर आली आणि नलूच्या घरची पाळी आली. त्या दिवशी तिनं येऊन निरोप दिला. "बाई, आजीनं तुमालेबी बोलावलं आहे. घेऊनच ये म्हणे."

यशोदाबाईंनी होकार दिला. अकरावीची गोष्ट आज काढायचीच, असं त्यांनी ठरवलं. काय बोलायचं, त्याची वाक्यं त्यांनी वाटेनं मनात दोनदा म्हणून पाहिली.

दिवेलागणीला पडवी मुलींनी भरून गेली. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई मांडली होती. गाणी झाली, टिपऱ्या झाल्या. नलूचे वडील रूपराव अंगणात खाटेवर बसून ऐकत होते. विमलाबाई, नलूची आई, आतल्या दारात अर्धी आत, अर्धी बाहेर उभी होती. डबा आणायला नलू उठली, तर मनकर्णाबाई म्हणाली, "तू बस तिकडे. तूबी ओळख."

डबा तिनं स्वतः आणला. पितळेचा, कडीचा. दोन्ही हातांनी धरून हलवला.

थप. थप.

मुली चमकल्या.

"आणखी एकदा, आजी."

थप. थप. मऊ, आळसावलेला आवाज.

"मुरमुरे नाई," शोभा म्हणाली. "फुटाने तं नाईच."

"वा. तुह्या तोंडून ऐकलं म्हंजे खरं," मनकर्णाबाई म्हणाली.

"लाडू?"

"लाडू असता तं गडगडला असता."

"शिरा असता तं वाजलाच नसता."

"पेरूच्या फोडी?"

"नाई."

एकेक नाव गळत गेलं. नलू कान देऊन बसली होती. तिनं आजीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, मग बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, यादीतलं काईच नाई राह्यलं. सगळ्यांची मिळून शून्य झाली."

"मग?"

"मंग यादीच चुकली."

"हरलो म्हणता का नाई?" मनकर्णाबाईनं विचारलं.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या एका सुरात म्हणाल्या, "हरलो."

मनकर्णाबाईनं कडी काढली. आत धुतलेल्या फडक्याची पुरचुंडी होती. ती तिनं यशोदाबाईंच्या मांडीवर ठेवली आणि गाठ सोडली.

पत्ते होते.

अंगणातली खाट करकरली. रूपराव उठून उभे राहिले होते. मग शोभा फस्सकन हसली आणि सगळ्याच हसल्या, एकमेकींच्या अंगावर पडत.

"हे घ्या तुमची खिरापत," मनकर्णाबाई म्हणाली. "विमल, खोबऱ्याच्या वड्या आन वं."

यशोदाबाईंनी पत्ते हातात घेतले. दिले तेव्हा ते करकरीत होते, एकमेकांना चिकटून बसत. आता कडा मऊ झाल्या होत्या, आणि पिसायला गेलं तर आपण होऊन सरकत होते. त्यांनी एकदोन उलटून पाहिले. बदामच्या राणीवर, अगदी गालाजवळ, हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता.

बाईंनी तो पत्ता इतरांत सारून टाकला. वाटेनं जुळवलेली वाक्यं कुठं गेली, तेही त्यांना आठवेना.

वड्यांचं ताट फिरलं. मुलींचा गलका वाढला. त्या गलक्यात मनकर्णाबाई सरकत सरकत बाईंच्या शेजारी येऊन बसली. पदरानं तोंड पुसलं. आवाज खाली आणला.

"एक विचारू का, मास्तरीणबाई?"

"विचारा ना, आजी."

"समजा, आपल्या हातात दोन एक्के आले. तिसरा पत्ता उचलाचा हाय. तं तोबी एक्काच निंगन, अशी आशा धराची का नाई?"

पलीकडं बसलेल्या नलूचे कान टवकारले. तिचे ओठ हलू लागले. "बावन्नातले दोन गेले, राह्यले पन्नास. त्याच्यात एक्के..."

यशोदाबाईंनी ताटातली वडी उचलली आणि तिच्या तोंडात घातली. अख्खी.

"तो जरा पुढचा हिशेब आहे, आजी," त्या म्हणाल्या. "तो अकरावीत शिकवतात."

नलू वडी चघळायची थांबली. तिनं बाईंकडे पाहिलं, मग आजीकडे, आणि डोळे खाली घालून परत सावकाश चघळू लागली.

मनकर्णाबाई जरा पुढं सरकली. समोर भुलाबाईपुढच्या पणतीची वात तिनं बोटानं पुढं सारली, बोट लुगड्याला पुसलं. अंगणातून रूपराव आत पाहत होते.

"विमल," ती दाराकडे न पाहता म्हणाली, "वर्ध्याची सकाळची मोटार किती वाजता असते वं?"

"पावनेसातले," विमलाबाई म्हणाली.

तिनं क्षणभरही विचार केला नव्हता.